घोडा ठणठणीत निघाला

बी.कॉम.ला आम्हाला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय होता आणि त्या विषयात घोडे फार होते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. पेट्रोलवर चालणारी मोटार तेव्हा जन्मायची होती, त्यामुळे त्या कायद्यातली माणसे सदोदित एकमेकांना घोडे विकीत असतात. 'अ' हा लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला ठाऊक आहे. 'अ' काही बोलत नाही. ही फसवणूक झाली काय? नाही झाली. पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र बापाने तोंड उघडले पाहिजे. आणि 'ब' जर म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी समजतो," आणि तरीही 'अ' गप्प बसला, तर ते गप्प बसणे म्हणजे बोलणेच होय. कलम सतरा. आमचे सर हे कलम शिकवताना स्वतः 'अ' होत आणि पहिल्या बाकावरच्या कोणाला तरी 'ब' करीत. घोडा कोण, हे ते सांगत नसत. पण त्या वेळी ते बघत असत माझ्याकडे.

परीक्षेत मी हे सगळे घोडे ओळीने उभे केले, पास झालो, साताऱ्यात बँकेत चिकटलो, आणि आता घोड्याशी आपला संबंध वरातीपुरताच, अशा समजुतीत वीस-बावीस वर्षे काढली. वरातही यथावकाश निघाली. मग आमच्या घरात मोटार घ्यायचे घाटू लागले.

घरात आम्ही सहा माणसे. म्हणजे सासूबाई धरून सहा. आणि त्यांना न धरण्याची माझी छाती नाही. सहा माणसांना स्कूटर पुरत नाही, हे मी वर्षभर मान्य केले नाही. पालीला खंडोबाला जायचे म्हणजे तीन खेपा होत. शेवटी एसयूव्ही घ्यायचे ठरले. त्या तीन अक्षरांत 'स्पोर्ट' आहे म्हणतात. आमच्या घरात सासूबाईंच्या पत्त्यांखेरीज स्पोर्ट नाही. पण तिसरी आसनांची रांग होती आणि तेवढी युटिलिटी आम्हाला बास होती. नव्या गाडीची किंमत ऐकून मी शोरूममधले थंड पाणी पिऊन परत आलो. तेव्हा वापरलेलीच घ्यायची.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मी एक महिना फिरलो आणि त्या महिन्यात मला एकही वाईट गाडी भेटली नाही. सगळ्या डॉक्टरांच्या. सगळ्या फक्त रविवारी बाहेर काढलेल्या. या तालुक्यात इतके डॉक्टर कुठून आले, आणि आठवड्यातले सहा दिवस ते पायी हिंडतात की काय, हे मला अजून उलगडलेले नाही. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच विषयावर एक निबंध लिहिला. तिकडे फसव्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. अकेरलॉफ म्हणतो, गाडी चांगली की लिंबू हे विकणाऱ्याला कळते, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना लिंबाचा भाव देतो. म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही. आणि शेवटी बाजारात लिंबेच उरतात. हा निबंध तीन नियतकालिकांनी साभार परत केला होता. पुढे २००१ साली त्याला नोबेल मिळाले. परत आलेले लेख मी जपून ठेवतो ते त्यामुळेच. आपल्याकडे लिंबू चांगल्या गाडीलाही बांधतात, मिरच्यांसकट, हे त्या गृहस्थाला कोणी सांगितले असते तर निबंधाचे काय झाले असते कोण जाणे.

अशात वाईच्या एका काकांची गाडी कळली. २०१२ सालची, डिझेल, सात आसने. काका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांचे बांध मोजले आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. मी ओटीवर पाऊल टाकले तसे म्हणाले, "बसा. आधी दोष सांगतो, मग चहा. दोष ऐकून निघायचं असलं तर हिला उगाच आधण ठेवायला नको."

मग त्यांनी दोष सांगितला. सपाटीला काही नाही, हायवेला काही नाही. पण पसरणीचा घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकतो आणि पाणी कमी होते. गॅरेजवाल्याचे म्हणणे, हेड गॅस्केट गेले, कदाचित हेडलाही चीर असेल. इंजिन उघडायचे म्हणजे नव्वद हजार. काकांनी एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून ठेवला होता. अशी धडकी गाडी बाजारात चार लाखांना जाते. चार लाख वजा नव्वद हजार. तीन लाख दहा हजार. खाली दोन रेघा. मुलीला पाचगणीला दिलेली, महिन्यातून दोनदा नातीकडे जायचे; आता घाटच चढत नाही तर गाडी ठेवून करू काय, आणि पेन्शनीतून नव्वद हजार आणू कुठून, असे त्यांचे म्हणणे.

मी घरी येऊन हे सांगितले. मेहुणा फोनवर म्हणाला, "भाऊजी, एवढं आपणहून सांगतोय म्हणजे न सांगितलेलं किती असेल!" सासूबाईंना हे फार पटले. महिनाभर ज्यांनी काहीच सांगितले नव्हते त्यांच्यावर आमच्या घरात कोणी संशय घेतला नव्हता.

पुढच्या रविवारी मी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो, तो गॅस्केट. तो फाटला की पाणी ऑइलमध्ये जाते, धूर पांढरा येतो आणि ऑइलच्या झाकणाखाली ताकातल्या लोण्यासारखा थर धरतो, ही माहिती मला मिस्त्रीने वाटेत दिली. वाईला त्याने झाकण काढून बोट फिरवले. बोट काळेच निघाले, लोणी नव्हते. धुराकडे बघितले. मग तो एकटाच गाडी घेऊन घाटात जाऊन आला, गरम इंजिन बंद करून बॉनेट उघडले आणि समोरच्या पंख्याला बोटाने एक टिचकी दिली. पंखा मजेत चार-पाच गिरक्या खाऊन थांबला. मिस्त्रीने हात पुसले, लांब चेहरा केला आणि काकांना म्हणाला, "काम मोठं दिसतंय."

मग मला अंगणातल्या आंब्याखाली नेऊन तो हळूच म्हणाला, "साहेब, घेऊन टाका. गॅस्केट नाही वाटत. फॅनचा क्लच गेलाय. दहा हजाराच्या आत भागंल."

आता या ठिकाणी मी काय केले ते सांगतो. लेख त्यासाठीच आहे. मी ओटीवर परत आलो. खातेदाराला 'उद्या या' म्हणताना मी जो चेहरा वापरतो तो लावला, आणि म्हणालो, "काका, मिस्त्री म्हणतो काम मोठं आहे."

हे खोटे नव्हते. मिस्त्री तसे म्हणाला होता. सर्वांसमक्ष म्हणाला होता.

"मी नव्वद वजा केलेत," काका म्हणाले.

"ते खरं. पण इंजिनाची खात्री तुम्हीच देत नाही. उघडल्यावर काय निघेल?"

काकांनी तो पाठकोरा कागद पुन्हा बघितला. दोष त्यांनीच सांगितलेला. त्यामुळे त्यांना माझ्याशी वाद घालता येईना. माणसाने आपणहून काढून दिलेली काठी हातात घेऊन त्यालाच हाणावी, तसे ते होते. फक्त आवाज झाला नाही. "पंचवीस आणखी सोडतो," ते म्हणाले. "जास्त निघालं तर मला वाईट वाटेल." दोन लाख पंच्याऐंशी हजारांना सौदा झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. काकूंनी गाडीला हळदकुंकू लावले, आणि काका खिडकीपाशी येऊन म्हणाले, "मुलं लहान आहेत तुमची. घाटात काट्याकडे लक्ष ठेवा हं."

मिस्त्रीचे निदान बरोबर निघाले. या उंच गाड्यांत पंख्याच्या मागे एक क्लच असतो, त्यात चिकट सिलिकॉन तेल. इंजिन तापले की ते तेल पंख्याला पकडते आणि पंखा जोरात फिरतो. ते तेल गळून गेले की पंखा नुसता हजेरी लावतो, काम करीत नाही. (हा भाग मला लगेच समजला, मी बँकेत आहे.) हायवेला वारा समोरून येतो म्हणून निभते, घाटात दुसऱ्या गिअरवर रांगताना वारा नाही, पंखा नाही, मग काटा वर. त्यात रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली झालेली. कुकरची शिट्टी ढिली असली की वाफ धरत नाही आणि पाणी उतू जाते, तसे. पाण्यात इंजिनातला गॅस येतो का, याची तपासणी झाली. येत नव्हता. क्लच, झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट, मजुरी मिळून नऊ हजार आठशे रुपये. घोडा ठणठणीत निघाला.

पहिला आठवडा मी ही हकीकत पराक्रम म्हणून सांगत होतो. आंब्याखालच्या प्रसंगापाशी आवाज खाली आणून, मग ओटीवरचा चेहरा करून दाखवीत असे. बँकेत दोनदा सांगितली. सबस्टाफने तर गाडीला हात लावून बघितला. पालीला आम्ही सहाही जण एका खेपेत जाऊन आलो. सासूबाईंनी लिंबू-मिरची बांधली.

मग एका सोमवारी कॅश टॅली होईना. पाचशे रुपये जास्त. बँकेबाहेरच्या माणसांना वाटते की पैसे कमी आले म्हणजे संकट आणि जास्त आले म्हणजे चंगळ. कमी आले तर कॅशियर स्वतःच्या खिशातून भरतो. दुखते, पण विषय संपतो. जास्त आले की ते सस्पेन्स अकाउंटला जातात, रजिस्टरला नोंद होते, आणि कोणाचे ते सापडेपर्यंत ती नोंद तिथे उघड्या डोळ्यांनी बसून राहते. त्या दिवशी मी स्लिपा चाळून एका भाजीवाल्या बाईंना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पाचशे परत केले. बाई म्हणाल्या, "देवमाणूस आहात." मॅनेजर ऐकत होते, म्हणून मी नम्र झालो. आणि खाली बघितले तर हातातल्या पेन्सिलीने मी ब्लॉटरवर लिहिले होते : २५,०००.

रात्री हिला म्हणालो, "ते वाईचे पैसे."

"कुठले वाईचे? सौदा झाला, विषय संपला. उलटं निघालं असतं, दीड लाख लागले असते, तर आणून दिले असते का त्यांनी?"

हा मुद्दा बिनतोड आहे आणि मी त्यावर कायद्याची मोहोर उठवली. कलम वीस. घोडा सौद्याच्या वेळी मेलेला होता आणि दोघांनाही ठाऊक नव्हते, तर करार रद्द. पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे की वस्तूच्या किमतीविषयी चुकीची समजूत, ही असली चूक धरायची नाही. त्या नव्वद हजारांत मी धोका घेतला होता. धोक्याचा मोबदला मिळाला तर तो माझा. तिथे मला झोप येत होती.

"पण वरचे पंचवीस," मी म्हणालो, "ते मी धोका संपल्यावर घेतले. आंब्याखाली."

ही थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते मला तेव्हाच आवडलं नव्हतं."

"तू हसली होतीस."

"हसले होते. आवडलं नव्हतं."

वाचनालयात मी याविषयी आधार शोधू लागलो. माणूस नीतीच्या पुस्तकांकडे वळतो तो बहुधा सवलत शोधायलाच. सिसेरो नावाच्या रोमन वकिलाने इसवी सनापूर्वी ४४ साली अथेन्सला शिकायला ठेवलेल्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात बॅबिलोनचा डायोजिनीस (रांजणात राहणारा तो निराळा) आणि त्याचा शिष्य अँटिपेटर यांचा वाद आहे. गुरू म्हणतो, कायदा सांगतो तेवढे सांगावे, बाकी गप्प बसायला हरकत नाही. शिष्य म्हणतो, सगळे सांगावे. घर विकणारा, दारू विकणारा, धान्याचे जहाज आणणारा, सगळ्यांचे दाखले आहेत. हे वाचताना मी अगदी निर्धास्त होतो, कारण सगळे विकणारे होते आणि मी तर घेणारा. पान उलटले, आणि तिथे मी भेटलो. एक माणूस सोने विकतो आहे, पण त्याला वाटते आहे की हे पितळ. घेणाऱ्याला ठाऊक आहे की हे सोने. भल्या माणसाने सांगावे, की पितळेच्या भावात हजाराचा माल उचलावा?

दोन हजार वर्षांपूर्वी मला पकडलेले होते. सिसेरोचा कौल शिष्याकडे. पुस्तक मी मुदतीच्या आत परत केले.

शेवटी एका रविवारी पंचवीस हजारांचे पाकीट आणि अर्धा किलो कंदी पेढे घेऊन वाईला गेलो. पेढे का, हे मला सांगता यायचे नाही. गुन्हा कबूल करायला जाताना पेढे नेण्याची पद्धत सातारा जिल्ह्यात तरी नाही.

गाडी दारात उभी राहताच काका चप्पल न घालता बाहेर आले. "तापते ना? किती निघालं काम?"

काकू मागून म्हणाल्या, "रोज विचारतात हे. त्या साताऱ्याच्या माणसाला फार खर्च आला असेल, पोरंबाळं आहेत त्याला. रात्री उठून बसतात."

हे मी धरलेच नव्हते. मी इकडे पंचवीस हजारांची नोंद उराशी घेऊन बसलो होतो, आणि तिकडे हा माणूस माझ्या नव्वद हजारांच्या काळजीत. नुसता एक फोन केला असता तर त्यांना झोप लागली असती. फोनला पैसेही पडले नसते. मी सांगून टाकले. गॅस्केट नव्हते. पंखा होता. नऊ हजार आठशे.

काका हसतील असे मला वाटले होते. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण उगाच विकली हो!" आणि आत निघून गेल्या. खरे सांगण्याचा हाही एक खर्च असतो आणि तो नेहमी सांगणाऱ्यालाच पडतो असे नाही. काका बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "चला, घाट चढून येऊ."

किल्ली मी त्यांच्याकडे दिली. पसरणीचा सगळा घाट त्यांनी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, एक डोळा काट्यावर ठेवून चढवला. काटा मध्यावर बसला तो हलला नाही. पाचगणीच्या अलीकडे हॅरिसन फॉलीपाशी त्यांनी गाडी थांबवली. खाली धोम धरणाचे पाणी दिसत होते.

"मिस्त्रीला कधी कळलं?"

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "तुमच्या अंगणात."

"आणि तुम्हाला?"

मी काही बोललो नाही. कलम सतरा.

बराच वेळ ते खाली पाण्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "साखळीनं मोजायचो ना आम्ही, तेव्हा दोघं लागायचे. एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्या टोकाचा कसा धरतो ते मला दिसायचं नाही." मी पाकीट पुढे केले. नको म्हणतील, मग मी आग्रह करीन, मग ते पुन्हा नको म्हणतील, असे काहीसे मी मनात बसवून आणले होते. त्यांनी पाकीट घेतले, नोटा काढल्या, बोटाला थुंकी लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या. त्यातल्या नऊ हजार आठशेच्या वेगळ्या काढल्या, सुट्ट्या दोनशेसाठी मलाच पाचशेची नोट मोडायला लावली, आणि ती गड्डी माझ्या हातात दिली.

"पंखा माझ्याकडे असताना बिघडला," काका म्हणाले. "तो खर्च माझा."

मी म्हणालो, "अहो काका, पण—"

"हद्द आहे ती," ते म्हणाले आणि गाडी वळवली. उतरताना एक शब्द बोलले नाहीत. घरी चहा झाला. पेढा त्यांनी अर्धा मोडून घेतला.

साताऱ्याला पोचलो तेव्हा ही दारातच होती. "किती दिलेस?"

"पंधरा हजार दोनशे."

"पंचवीस नेले होतेस ना?"

मी उरलेले पैसे टेबलावर ठेवले आणि सगळे सांगितले. तिने ते मोजले. मग पुन्हा मोजले, आणि म्हणाली, "मग आता हे कोणाचे?"

"सध्या कपाटात ठेव," मी म्हणालो. "पाकिटावर 'वाई' एवढंच लिही."